बॉल नसलेली मॅच

उद्या आमच्या कॉलेजच्या मुलींची नदीपलीकडच्या कॉलेजशी बास्केटबॉलची मॅच आहे. दरवर्षी पलीकडच्याच जिंकतात. आज संध्याकाळी स्टाफरूममधून निघाले तर कोर्टावर बुटांची करकर ऐकू येत होती, पण बॉल आपटल्याचा आवाज नव्हता. जाऊन पाहिलं. मुली पळत होत्या, उड्या मारत होत्या, एकमेकींना पास देत होत्या आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं.

"मॅचच्या आदल्या दिवशी बॉलला हात लावायचा नाही, अशी पद्धत आहे आमची," खेळाचे सर हळू आवाजात म्हणाले. "आपल्याच राखीव खेळाडू आज पलीकडच्या झाल्यात."

मी पायरीवर टेकले. जरा वेळाने लक्षात आलं. सगळ्यांच्या नजरा एकाच क्षणी एकाच जागी वळत होत्या. उद्याच्या धास्तीने आपणही असेच जगतो म्हणा. जे अजून आलेलंच नाही, ते झेलायला धावतो, घामाघूम होतो. पण ते ज्याचं त्यालाच दिसतं. इथे सगळ्यांना एकच दिसत होतं.

"कोण जिंकतंय?" मी गमतीने विचारलं.

सर हसले नाहीत. "पलीकडच्याच."

तेवढ्यात सगळ्या थबकल्या आणि माझ्या पायांकडे बघू लागल्या. आमची कॅप्टन धापा टाकत जवळ आली.

"मॅडम, बॉल द्या ना."

मी हसत वाकले आणि एक हात खाली नेला. मग दुसराही लावावा लागला.