नजर उतरवायच्या मिरच्या

साखरखेर्ड्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मी भूत जोलोकिया या अतिजहाल आसामी मिरचीची रोपे लावली, ती खाण्यासाठी नव्हे. मला साधा ठेचाही वर्ज्य आहे. बियाणे विकणाऱ्याने पहिल्या खेपेस त्या नावाखाली साध्या मिरचीचे बी पाठवले. मी ग्राहक संरक्षण कायद्याचा हवाला देत त्याच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि अखेर खरे बी हाती आल्यावर ते उगवून दाखवणे मला भाग पडले. तापल्या सळईने बादल्यांच्या बुडाला भोके पाडली. शेणखत, निंबोळी पेंड आणि तळ्याचा गाळ यांचे मिश्रण भरले. उन्हाळ्यात फुले गळू लागली, तेव्हा हिरवी जाळी बांधली.

पावसाळा सरता सरता सुरकुतलेली, टोकदार, लालभडक फळे धरली. त्यांतले एक चिरून पाहिले आणि नकळत बोट डोळ्याला लागले. अर्धा दिवस मी ओला टॉवेल तोंडावर घेऊन पडून होतो. पत्नीला सांगितले, डोळे आले आहेत. स्वतःच लावलेल्या मिरचीने आपल्याला आडवे केले, हे कबूल करण्याचा माझा स्वभाव नाही.

या बादल्यांचे पाणी झिरपून शेजाऱ्यांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीत मुरत असे. शेजारी गाद्या भरण्याचा व्यवसाय करतात. भिंतीपलीकडे त्यांचा कापूस असतो. घरातला कर्ता मुलगा एकदा अदबीने म्हणाला, “काका, त्या बादल्या थोड्या इकडं सरकवा नं. कापसाले ओल येऊन राह्यली.”

“लेखी कळवा,” मी म्हणालो.

त्याने खरोखरच लेखी कळवले. दोनच ओळी होत्या, आणि त्यांतला एकही शब्द खोडता येत नव्हता. माझ्या संतापाचे कारण तेवढेच.

त्या सकाळी मी त्याच दोन ओळींना उत्तर लिहीत बसलो होतो. त्या मुलाची आई मागच्या दाराशी आली. पत्नी तिला आपा म्हणते.

“बाई, लाल मिरच्या असतील त द्या पाच-सात. पोरगं रातभर रडून राह्यलं. नजर उतरवून पाह्यते.”

“घरातल्या त परवाच कुटल्या, आपा. वरच्या बादल्यांतल्या तोडून न्या. यायले कुठं खायच्या हायेत?”

“नाझरसाहेब रागावतीन.”

“ते रागावलेलेच असतात. तुम्ही न्या.”

दोघी हसल्या. न्यायालयात नाझर म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून शेजारी मला याच नावाने हाक मारतात. जिन्यावर आपांची पावले वाजली. माझी लेखणी थांबली होती. एक वाक्य उच्चारायचे होते, इतकेच. परंतु मनात आले, नेऊ दे, जरा ठसकतील. आणि मी पुढची ओळ लिहायला घेतली.

मीठ-मिरच्या लेकरावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या, ही रीत त्यांच्याकडे आहे, आमच्याकडेही आहे. खोकला आला, तर नजर नव्हती. धूर होऊनही कुणी ठसकले नाही, तर नजर होती आणि ती जळाली. त्यामुळे त्या धुरापासून कोणी पळत नाही. माणसे त्याच्यापाशी बसून वाट पाहतात. आपाही बसल्या होत्या, वारा लागू नये म्हणून दार लावून, दोन महिन्यांचा नातू मांडीवर घेऊन.

भिंतीतून खोकला ऐकू आला. मग दार आपटले, सून किंचाळली. मी बाहेर आलो तेव्हा रिक्षा निघाली होती. तान्ह्याचे रडणे थांबले होते, ते मला अधिक भयानक वाटले.

संध्याकाळपर्यंत त्याला ऑक्सिजनवर ठेवले होते. तोवर मी न्याय संहिता उघडून बसलो. मौन हा अपराध केव्हा ठरतो, सावध करण्याचे कर्तव्य कोणावर असते, हे शोधत राहिलो. माझ्या बचावाचा युक्तिवाद मी स्वतःच रचला आणि तो कोठेही ढासळेना. मला त्याचीच शिसारी आली.

मूल सुखरूप घरी आले. दोन दिवसांनी पत्नी शेजारून परतली, ती दारातच थांबली.

“सून आपाले पोराले हातच लावू देत नाही. आपा म्हणते, माह्याच हातानं झालं. तुमच्या मिरच्या इतक्या जहाल होत्या, त मले काऊन नाही सांगितलं तुम्ही?”

“त्या दिवशी मला डोळे आले नव्हते,” मी म्हणालो.

तिला उमगायला क्षणभर लागला. मग ती आत गेली, आणि मी चपला घालून शेजारी गेलो.

सून लेकराला खांद्यावर घेऊन उभी होती. आपा कोपऱ्यात कापूस पिंजत बसल्या होत्या. मी बसलो नाही.

“यात आपांची चूक नाही. त्या मिरच्या मागत होत्या तेव्हा मी घरातच होतो, ऐकत होतो. मिरच्या किती जहाल आहेत हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही.”

गादीला टाके घालणाऱ्या आपांच्या मुलाने विचारले, “काऊन काका? भिंतीपायी?”

“हो.”

“भिंतीचं भांडण आपलं होतं. पोरानं काय केलं होतं?”

आपांच्या हातातला कापूस तसाच राहिला.

“मीबी त दार लावून बसली होती,” त्या म्हणाल्या. घसा अजून बसलेलाच होता. “बसा नाझरसाहेब. चहा टाक वं.”

सुनेने माझ्याकडे पाहिले, मला मान खाली घालावी लागेपर्यंत. चहासाठी तिला दोन्ही हात हवे होते. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, तिथून परत आली आणि सासूसमोर उभी राहिली.

“दारापाशी बसा, अम्मी. हवेत,” ती म्हणाली, आणि लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवले.

आपा त्याला सावरत दाराकडे सरकल्या. त्यांना वाट द्यायला मी बाजूला झालो, भिंतीला टेकलो, तर पाठीला ओल लागली.