आम्हा पेन्शनवाल्यांच्या सुभेदारीणकाकू

सुभेदारीणकाकूंनी आम्हाला कधी ‘चुकलं’ म्हटलं नाही. आणि आम्ही चुकायचो तरी काय चुकायचो! फौजेतून पेन्शनवर आलो त्या वर्षी मी वाशिमकडच्या किन्हीराजा गावातल्या आमच्या वावरात सोयाबीन पेरलं, ते वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत, थेट उताराच्या दिशेनं, दोरी धरल्यासारखं सरळ. हवालदाराची लाईन वाकडी येईलच कशी? पुढच्या जोरदार पावसात पाणी त्या ओळींतून धावत सुटलं आणि बियाण्यासकट माती नाल्यात घेऊन गेलं. काकू आल्या, बांधावर बसल्या, सुपारी कातरली आणि म्हणाल्या, “लाईन लय सरळ आली, हवालदार. पाण्याले बी लय आवडली.” मग जरा वेळानं, “बरं, आता पुढं काय करता?” दुबार पेरणी उताराला आडवी झाली. खरं तर काकू बांधावर आल्या त्या दिवशी मला रडू यायला हवं होतं, पण मी हसत घरी गेलो.

काकू म्हणजे आमच्याच गावच्या एका सुभेदाराची बायको. नवरा सरहद्दीवर, त्यामुळे सगळी शेती त्यांनी एकटीनं ओढलेली. सुभेदार वारल्यावर मात्र त्यांना एक वेगळंच वेड लागलं. मालेगावकडचा असो की शेलूबाजारकडचा, कुणी फौजी पेन्शनवर आल्याचं कानावर आलं, की त्या निरोप धाडून त्याला बोलावून घ्यायच्या. त्यांचा पहिला धडा एकच, “सकाळी वावरात जायचं आन् काहीच नाही करायचं. नुसतं पाह्यचं.” फौजी माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. एका नाईकाला रिकामं बसवेना, म्हणून त्यानं बांधावरच्या सगळ्या दगडांना चुना फासला. काकू म्हणाल्या, “मस्त दिसून राह्यलं. आता ढोरं बी सलाम करतीन.” आणि लगेच समजावलं, “बाबू, वावराले रँक समजत नाही. इथं सुट्टी मंजूर कराले साहेब नाही, आन् नामंजूर कराले बी नाही.”

त्यांचंही सगळंच बरोबर यायचं असं नाही. आभाळाचा अंदाज तर हमखास चुकायचा. “आज नाही येत पाणी,” असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, की माझी बायको गुपचूप वाळवण आत घ्यायची. काकूंना हे कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

मात्र नव्या माणसाच्या बायकोला भेटल्याशिवाय त्या त्याला काही शिकवत नसत. आमच्याकडच्या बायकांनी नवरा पलटणीत असताना शेती सांभाळलेली, त्यांना सगळं येतं. आणि इकडे साहेब घरी येऊन कोळपणीचा डवरा उलटा धरणार. मग बाईची जीभ सुटायला कितीसा वेळ? काकू तिला हात धरून बाजूला घ्यायच्या, “पहिलं वरीस याले चारचौघांत बोलू नोको. घरी काय बोलायचं ते बोल.” माझ्या बायकोकडूनही त्यांनी तसा शब्द घेतला होता. आम्हाला त्याची गंमतच वाटायची.

मग एकदा निंदणाच्या दिवसांत, निंबाखाली भाकर खाताना, त्यांनी आपणहून सांगितलं. सुभेदार पेन्शनवर आले, त्यांनी पेरणीची तारीख ठरवली. जमिनीत ओल नव्हती, पण तारीख ठरली म्हणजे ठरली. बियाणं वाया गेलं. काकूंचा तोल सुटला आणि मजुरीच्या बायांसमोर त्या म्हणाल्या, “सुभेदार, तुमी बंदूकच धरा. वावर तुमच्यानं होत नाही.” ते तडक घरी गेले. आठवडाभरात पुण्याला एका सोसायटीच्या गेटवर गार्ड म्हणून लागले. तिथंच, ड्युटीवर, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

“लोकाईले वाटलं झोपले,” काकू म्हणाल्या. “मी रागानं बोलली, भाऊ. त्याईनं हुकूम समजला.”

भाकर तशीच हातात राहिली. आमच्यासाठी ही बाई एवढा जीव का टाकते, ते मला तेव्हा समजलं.

काकू मागच्या वर्षी गेल्या, तूर फुलावर असताना. वाशिमच्या दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांना नीट बोलवत नव्हतं. तरी विचारलं, “आपल्यातलं कोणी गेलं नाही ना पुण्याले?” म्हटलं, “नाही, काकू. सगळे हायेत.” त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या मातीला आम्ही पेन्शनवाले झाडून सगळे होतो, खांदा द्यायला जागा मिळेना. माझी आई गेली तेव्हा मी सरहद्दीवर होतो आणि मला रडता आलं नव्हतं. ते सगळं रडू त्या दिवशी आलं.

लोक आता माझ्याकडे येतात. यंदा शेलूबाजारजवळचा, नुकताच पेन्शनवर आलेला एक नाईक आला. त्याचं बियाणं खोल पडलं, उगवलंच नाही, आणि बायको मजुरांसमोर नको ते बोलून बसली. त्यानं पुण्यात गार्डची नोकरी पक्की करून टाकली. मी त्याला बांधावर बसवलं. काकू जे जे म्हणायच्या ते सगळं सांगितलं, सुभेदारांचंही सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि “जी, साब” म्हणाला. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला गेलो तर फाट्यावर तो पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभा. शेजारी बायको, डोळे सुजलेले. “मी रागात बोलली होती, भाऊजी. तुमी सांगा ना त्याईले,” ती म्हणाली. मी सांगितलं. परत सांगितलं. तो “जी, साब” म्हणत रस्त्याकडे पाहत राहिला.

गाडी आली. काकू असत्या तर दारात आडव्या उभ्या राहिल्या असत्या. मी त्याची बॅग वर दिली.