कॉपरच्या नालांखाली

नंदा वैरागडे आणि मी अमेरिकेत हर्नडनला एकाच ऑफिसात अकरा वर्षं काढली. ती डेटाबेस सांभाळायची, मी टेस्टिंगमध्ये होते. ती मूळची नागपूरची, बोलायला फटकळ, लग्न मोडल्यापासून एकटी राहणारी. चाळिशीत तिनं रायडिंग शिकायला घेतलं तेव्हा आम्ही तिची भरपूर चेष्टा केली. सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं चक्क घोडा घेतला, तेव्हा मात्र चेष्टा थांबली.

घोड्याचं नाव कॉपर. तांबूस अंगाचा, चौदा वर्षांचा, एका रायडिंग स्कूलमधून निवृत्त झालेला. हर्नडनपासून पाऊण तासावर, लाउडन काउंटीच्या पश्चिमेला एका तबेल्यात तो राहायचा. नंदा रोज ऑफिसच्या आधी तिकडे ड्राइव्ह करून जायची. नवऱ्यालाही इतका जीव लावला नव्हता, असं तीच म्हणायची.

तीन वर्षं बरी गेली. चौथ्या उन्हाळ्यात कॉपरच्या पुढच्या पायांचे नाल टिकेनात. जूनमध्ये उजवा निघाला, तो खुराचा अंगठ्याएवढा तुकडा घेऊनच. वॉल्टनं नवा ठोकला. तीन आठवड्यांत तोही गेला. वॉल्ट म्हणजे तिथला नालबंद, सत्तरीला आलेला, कमी बोलणारा. ऑगस्टमध्ये त्यानं कॉपरचा पाय गुडघ्यांत धरला, खिळ्यांच्या जुन्या भोकांवरून अंगठा फिरवला, तर खूर शिळ्या भाकरीसारखा भुगा होऊन पडला.

"आता खिळा मारायला जागाच उरली नाही," तो म्हणाला.

तबेल्यातल्या कुणीतरी उर्वीचं नाव सांगितलं. ती तिशीतली मुलगी, इथंच जन्मलेली, आईवडील पुण्याचे. चांगली इंजिनीअरिंगची नोकरी सोडून घोड्यांचे खूर तासून त्यांना नालाशिवाय चालवायचं काम करायची. तिनं चारही पाय पाहिले. उजव्या खुरापाशी जरा जास्त वेळ बसली.

"मावशी, नाल काढूया. नवा खूर वरून खाली यायला पूर्ण एक वर्ष लागेल. इट्स गोइंग टु बी हार्ड. पण दुसरा रस्ता मला दिसत नाही."

नंदानं वॉल्टला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "नंदा, तो घोडा नालांवर उभा आहे. नाल काढलेस तर आडवा होईल." आणि फोन ठेवला.

नाल ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी निघाले. मी मुद्दाम बघायला गेले होते. उर्वीनं एकेक खिळा सरळ करून उपसला. शेवटचा नाल पडल्यावर कॉपरनं पुढचा पाय जमिनीवर टेकवला आणि लगेच उचलला. पुन्हा टेकवला. मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. मला ते बघवेना.

"सवय होईल त्याला," नंदा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

तिथून पुढे तिचं बोलणंच बदललं. लंचला बसलो की खुरांशिवाय दुसरा विषय नाही. घोट्याच्या मागे, खाली, दोन बोटांनी घोड्याची नाडी लागते. पाय निरोगी असेल तर ती शोधावी लागते, आत जळत असेल तर बोटांवर आपटते. रोज सकाळी ती चारही पायांना बोटं लावून बसायची. "आज डावा शांत आहे. उजवा ठीक वाटत नाही, इला." मग कॉफीचा कप तसाच निवायचा. उर्वीनं पायात घालायला रबरी बूट दिले, तबेल्यातल्या त्याच्या ठाणात जाड मॅट टाकायला सांगितल्या. कॉपर मऊ मातीवर चालायचा. खडीचा रस्ता आला की कडेलाच थांबून राहायचा.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात चिखल गोठला. घोड्यांच्या टापांचे खड्डे होते तसे दगड झाले. कॉपर कुरणात जाईना. दारातून बाहेर नाक काढायचा आणि मागे फिरायचा. त्याच्या खुरातून एक वाईट वास येऊ लागला. उर्वीनं खुराच्या खाचेतली सड साफ केली, औषध लावलं. पण जाताना मला गाडीपाशी म्हणाली, "काकू, त्याच्या खुरावर वळ्या उठल्यात. रिंग्ज. मागे रुंद, पुढे अरुंद. त्या नालांमुळे येत नाहीत. आतच काहीतरी बिघडलंय अशी मला भीती वाटतेय, पण नंदामावशीला सांगायला शुअर व्हायचंय." तिनं व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, बोलवायचं ठरवलं. व्हेटची तारीख जानेवारीची मिळाली.

ती तारीख यायच्या चार दिवस आधी, सकाळी सात वाजता, नंदाचा फोन आला. आवाज सपाट होता. "इला, तो उठत नाहीये."

मी पोचले तेव्हा कॉपर ठाणात कुशीवर पडला होता. अंग घामानं ओलं, त्या थंडीत. नंदा त्याचा उजवा पाय मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझा हात ओढून त्याच्या घोट्यामागे लावला. मला काही शोधावं लागलं नाही. कुणीतरी आतून दार ठोठावावं तशी ती नाडी होती.

"मी मारलं याला," नंदा म्हणाली. "वॉल्टनं सांगितलं होतं, यार. सांगितलं होतं त्यानं."

व्हेट तासाभरात आली. तिनं तिथंच एक्स-रे काढला आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. खुराच्या आतलं हाड पापुद्र्यांनी भिंतीला धरलेलं असतं. उजव्या पायात ती पकड सुटत होती. हाडाचं टोक खाली झुकलं होतं. डाव्यात थोडं कमी.

"हे आजचं नाही," ती म्हणाली. "काही वर्षांपासून चाललंय. त्याला गवतातली साखर पचत नसावी, ब्लड टेस्ट करू. नाल होते म्हणून तो तग धरून चालत राहिला. दुखणं कुणाला दिसलं नाही, इतकंच."

नंदानं विचारलं, "म्हणजे नाल नसते तर?"

"तर तीन वर्षांपूर्वीच लंगडला असता. आणि तेव्हा उपाय सोपा होता."

व्हेटनं दोन दिवसांची मुदत दिली. दुखणं उतरलं नाही तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. नंदानं कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉल्ट आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मला वाटलं, सांगितलं होतं ना, असं म्हणायला आलाय. त्यानं टोपी काढली, गुडघे टेकून कॉपरच्या खुरावरच्या वळ्यांवर बोट फिरवलं.

"या मला दिसायच्या," तो म्हणाला. "दर सहा आठवड्यांनी मी कानशीनं घासून काढायचो. खूर छान दिसावा म्हणून."

तो तासभर तिथंच, मॅटवर, बसून राहिला.

त्याच संध्याकाळी खुराच्या वरच्या कडेला एक चीर पडली आणि काळा पू वाहू लागला. इतके दिवस हाडाखाली तोही कोंडला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉपर उठून उभा राहिला.

झोपवायचं टळलं. ब्लड टेस्टनं व्हेटचा अंदाज खरा ठरवला. आता कॉपरला वाळलं गवत भिजवून, साखर काढून देतात. कुरणात सोडताना जास्त चरू नये म्हणून तोंडाला जाळी असते. ऑक्टोबरपर्यंत नवा खूर जमिनीला टेकला, जुन्यापेक्षा जाड, पण उजवा जरा वाकडाच. मऊ जमिनीवर तो नालाशिवाय चालतो. नंदा त्याच्या पाठीवर पुन्हा बसलेली नाही, बसणारही नाही.

मागच्या महिन्यात मी विचारलं, आता तरी निवांत आहेस ना?

"ते हाड परत वर जात नाही, इला," ती म्हणाली. "जिथं आहे तिथं राहिलं तर नशीब. आता वसंत येईल, साखरेनं भरलेलं नवं गवत येईल." मग गाडीची किल्ली उचलून निघाली. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं, आणि पार्किंग लॉटच्या कडेचं गवत एका आठवड्यात चांगलंच हिरवं झालं होतं.