चौथ्या पायाची खूण

सुजाताला जाऊन आता सात आठवडे होतील. त्या दिवशी मी हॉस्पिटलात करवत घेऊन गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नात्यात ही गोष्ट केव्हाच सगळीकडे पोचली आहे, आणि जो तो तिला आपल्या परीनं मीठमसाला लावतो. झालं ते इतकंच. मी कंपनीत पहिल्या पाळीला होतो. आमच्या जगन्नाथ मिस्त्रींकडून घरच्या करवतीला धार लावून घेतली होती आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळत होतो, तेवढ्यात फोरमन स्वतः चालत खात्यात आले. ते कुणाकडे चालत येत नाहीत, बोलावून घेतात. मला वाटलं, आता मेमो. मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, घरची आहे, गेटवर नोंद करून आणलीय." ते म्हणाले, "हॉस्पिटलातून फोन होता. जा तुम्ही." पिंपरीहून पुण्याला कसा पोचलो ते आठवत नाही. वॉर्डाच्या दारात रखवालदारानं अडवलं तेवढं आठवतं. "ओ दादा, करवत घेऊन कुठं आत?" पाहतो तर खरंच बगलेत करवत. मी त्याच्याशी चक्क हुज्जत घातली. आत माझी आठ वर्षांची मुलगी सुजाता वारली होती, आणि मी दारात उभा राहून त्याला पटवत होतो की दात कागदात आहेत, कुणाला लागणार नाहीत.

करवत कशाला, हे सांगायचं तर माझा धंदा सांगायला हवा. शेजारपाजारचे मला सुतार समजतात आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. पण मी सुतार नव्हे. कंपनीच्या पॅकिंग खात्यात मी मशीनसाठी लाकडी खोकी ठोकतो. खोक्याचा नियम एकच : माल मापायचा आणि प्रत्येक बाजूला चार बोटं जास्त धरायची, पेंढा भरायला. हा नियम माझ्या अंगात इतका मुरला की घरची माणसंही मी तशीच मापली. वाढत्या अंगाचे कपडे सगळेच घेतात, पण मी सुजाताला पहिलीत घेतलेला गणवेश बघून तिच्या बाईंनी विचारलं होतं, मोठ्या बहिणीचा का? तिला मोठी बहीण नव्हती, कुणीच नव्हतं. कमल, म्हणजे तिची आई, वैतागून म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, पार्सल नव्हे."

दुसरीत असताना तिचा ताप उतरेना. रक्ताचा कर्करोग निघाला. मग दर पंधरा दिवसांनी पुणं. येताना ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, घरी आल्यावर दोन दिवस पोटात अन्न ठरायचं नाही. केस गेले. शाळेत कुणाचं दुखणं लागेल म्हणून शाळाही बंद झाली. तेव्हा ती म्हणाली, "शाळा नको तर नको, बाक तरी आणा." एवढं मात्र मला जमण्यासारखं होतं. मोडक्या खोक्यांच्या फळ्या गेटपासवर घरी आणल्या आणि चार गुरुवार, म्हणजे सुट्टीचे चार दिवस, खपून शाळेतल्यासारखा बाक केला. पुढं लिहायची फळी, मागं बसायची, दोन्ही एकाच सांगाड्यात जोडलेल्या. फळीवर खोक्याचा बाण छापलेला होता, ही बाजू वर ठेवा म्हणून, आणि मी ती नेमकी उलटी ठोकली होती. सुजातानं पहिल्या मिनिटाला ते पकडलं. "अण्णा, बाक डोक्यावर उभा आहे." मग ती बसली... आणि तिचे पाय लोंबकळले. अर्थातच. मी तिचं माप घेऊन वर चार बोटं धरली होती.

तरी त्या बाकावर आम्ही मजा केली. गुरुवारी जेवणं झाली की शाळा भरायची. सुजाता बाई, कमल तपासणीला आलेल्या साहेब, आणि मी वर्गातला ढ. ते काम मला करून दाखवावं लागत नसे. एकदा सातचा पाढा चुकलो म्हणून बाईंनी बाकावर उभं केलं. मी उभा राहिलो तो थेट बल्बवर आपटलो. काचा, अंधार, आणि त्या अंधारात दोघी हसताहेत, थांबतच नाहीत. सुजाताला हसता हसता खोकला आला, तरी हसतच होती. त्या दीड वर्षात आमच्या घरातून बाहेर ऐकू गेलेलं हसणं तेवढंच.

पुढं एका गुरुवारी ती म्हणाली, "अण्णा, पाय कापा." माझ्या हातातला कप खाली पडला. "बाकाचे," ती म्हणाली. हॉस्पिटलात उंच टेबलावर बसवून सुया टोचायचे, तेव्हा पाय असेच लोंबत असायचे. घरी तरी ते जमिनीला टेकावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी म्हणालो, कापायला कशाला हवेत, पुढच्या वर्षी बरोबर होईल. ती शांतपणे म्हणाली, "मोठी झाले की दुसरा करा. हा आत्ताचा करा."

डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, हिची उंची वाढेल ना? ते कागद चाळत म्हणाले होते, आत्ताचं बघू या. दोघं एकच सांगत होती. पण त्या बाकाला करवत लावायची म्हणजे ही यापुढं वाढणार नाही, हे मी माझ्या हातानं कबूल करायचं. मी टाळत राहिलो. करवत बोथट आहे, ओव्हरटाइम आहे, लाकूड दमट आहे. खोक्याच्या वाळक्या लाकडाला दमट म्हणणारा पॅकिंगवाला मीच. शेवटी तीच पेन्सिल घेऊन जमिनीवर बसली. पायाशी आपली चार बोटं आडवी लावायची, वर खूण करायची. तीन पाय झाले. चौथा भिंतीच्या कोपऱ्यात होता, आणि तिला धाप लागली होती. पेन्सिल माझ्या हातात देत म्हणाली, "चौथी तुमची." मी म्हणालो, येत्या गुरुवारी.

येत्या गुरुवारी ती हॉस्पिटलात होती. मी भेटायला गेलो तर डोळे न उघडताच तिनं विचारलं, "कापले?" मी म्हणालो, "कापले."

"टेकतील ना आता?"

"टेकतील."

आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, आणि पकडलोही गेलो. ही एकच तिनं सरळ खरी मानली. ती घरी यायच्या आत खरी करायची, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी करवत कंपनीत धार लावायला नेली... तोच तो दिवस.

करवत आता खिळ्याला टांगली आहे. बाक तिथंच आहे. कमल लादी पुसते तेव्हा पायांना ओलं फडकं लागू देत नाही. तिथं बसूनच मी हे लिहितो आहे. माझे पाय व्यवस्थित टेकतात.

गेल्या गुरुवारी बाक भिंतीपासून ओढला आणि चौथी खूण करायला खाली बसलो. पायाशी चार बोटं आडवी लावली, पेन्सिल टेकवली, आणि म्हटलं, शेजारच्या खुणेशी एकदा ताडून बघावं. तिची खूण माझ्या तिसऱ्या बोटापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. इतके दिवस मी चार बोटं माझी धरून चाललो होतो. तिला जेमतेम माझी अडीच बोटं हवी होती.

खूण केली नाही. बाक परत भिंतीला लावला.