पिशोरच्या शेतातला भोंगा आणि हायड्रोजनची बाटली

वेरूळ-अजिंठ्याचे फोटो या पोस्टमध्ये नाहीत, हे आधीच सांगून टाकते. छत्रपती संभाजीनगरला चार दिवस राहून मी एकही लेणं पाहिलं नाही. मी कामासाठी गेले होते. पुण्यातली एक छोटी कंपनी हातात उचलून नेता येईल असा फ्युएल सेल बनवते. मोबाईल, लॅपटॉप, विजेऱ्या, छोटे स्पीकर अशा वस्तूंच्या बाजारात तो बॅटरीसमोर टिकेल का, याचा अहवाल मला लिहायचा होता. असे अहवाल मी बरीच वर्षं लिहिते आहे. बहुतेक घरी खुर्चीत बसूनच लिहिते, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या अंदाजांवर माझा स्वतःचाच पुरता विश्वास नसतो. म्हणून या वेळी ठरवलं, निदान माणसांना जाऊन विचारायचं.

ज्यांना फ्युएल सेल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बॅटरीत वीज भरून ठेवतात, फ्युएल सेलमध्ये ती तिथल्या तिथं तयार होते. बाटलीतला हायड्रोजन आणि बाहेरची हवा आत जाते, वीज आणि थोडं पाणी बाहेर येतं. बाटली संपली की दुसरी लावायची. माझ्याजवळचा नमुना जेवणाच्या डब्याएवढा होता, आणि बाटली पाण्याच्या बाटलीएवढी, पण उचलायला चांगलीच जड.

ती बाटली घेऊन एसटीत चढणं मला पटेना. ज्वलनशील वस्तू आहे, आणि कंडक्टरनं विचारलं तर खोटं बोलायला मला जमत नाही. म्हणून माझी जुनी गाडी काढली. तुम्ही जाणार असाल तर एसटी उत्तम, बायकांना अर्धं तिकीट लागतं. पुण्याहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता. रस्ता एकूण बरा आहे, अहिल्यानगरच्या अलीकडे-पलीकडे ट्रक मात्र जीव नकोसा करतात.

बजाजनगर

पुण्याहून येताना शहराच्या आधी वाळूजची औद्योगिक वसाहत लागते आणि तिला चिकटून कामगारांचं बजाजनगर. मी तिथंच लॉजवर खोली घेतली. हजाराच्या आत, स्वच्छ, फक्त गरम पाणी सकाळी आठनंतर येत नाही. पाळी सुटायच्या वेळी चौकातल्या मोबाईलच्या दुकानात गेले आणि फ्युएल सेलची पेटी काउंटरवर ठेवली.

दुकानदारानं ती उलटसुलट करून पाहिली. "अच्छी चीज है मॅडम. पण बाटली सरल्यावर भरायची कुठं?"

"सध्या तरी पुण्यात."

"मग माझा गिऱ्हाईक मोबाईल चार्ज करायला पुण्याला जाणार का?" तो हसला, मागं उभे असलेले दोघं-तिघंही हसले. "इथं पावरबँक बघा, रद्दीच्या भावात पडल्यात. लाईट बी आता पहिल्यासारखी जात नाय."

माझा अहवाल खरं तर तिथंच लिहून झाला होता. तरी दुसऱ्या दिवशी मी एका छोट्या कारखान्यात गेले. तिथं सुटे सेल जोडून बॅटऱ्या बांधतात. लांब टेबलाशी बसलेल्या बायका सेलवर पत्र्याची पट्टी ठेवत आणि तिला टाका मारत. बारीकसा चट्ट आवाज, एक ठिणगी, पुढचा सेल. जेवणाच्या सुट्टीत त्यांतली एक, संगीता, माझ्याजवळ आली. तिशीची असेल.

"मॅडम, ही पेटी चार्ज न करता किती दिवस चालंल?"

"कशावर चालवायची त्यावर आहे."

"भोंग्यावर."

बाहेरून त्याच क्षणी भंगारवाल्याची गाडी गेली. गाडीवरचा भोंगा त्याच्या आवाजात लोखंड, रद्दी, प्लास्टिक मागत होता आणि तो स्वतः फोनवर कुणाशी तरी भांडत होता. "ह्योच," संगीता म्हणाली. "आमच्याकडं रानडुकरं पळवायला लावतात. आपल्या आवाजात एकदा हाळी भरून ठेवायची, रातभर तेच वरडत राहतंय."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचं माहेर पिशोरजवळ, डोंगराच्या पायथ्याला. पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, असा एक भोंगा आणून त्यात आपला आवाज भरला. मागच्या वर्षी आप्पा गेले. भोंगा अजून त्यांच्याच आवाजात ओरडतो. पण तो स्वस्तातला. वीज पूर्ण तुटली की त्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणून तिची आई रोज सकाळी चार्ज केलेली दुसरी बॅटरी घेऊन शेतात जाते. आधी नवीचे चिमटे लावते, मग जुनीचे काढते. जुनी डोक्यावर घेऊन घरी येते आणि चार्जिंगला लावते.

"शेत चुलत्याला बटाईनं दिलंय. आईला तिथं काय काम नाय. गुडघं गेलेत, बांधावर दोनदा पडली. हिकडं ये म्हणलं तर म्हणती, बॅटरी कोण बदलंल?"

"आवाज मोबाईलमध्ये घेऊन ठेवला नाहीस?"

"घेतलाय की. म्हणती, त्यो फोटो झाला. वावरातला बोलतोय."

मी कंपनीला फोन केला. चाचणी म्हणून पेटी तिथं ठेवायला त्यांनी आनंदानं परवानगी दिली. मीही लगेच हो म्हटलं. त्यात संगीताची अडचण किती आणि माझ्या कोरड्या अहवालाला एक जिवंत उदाहरण मिळण्याचा मोह किती, हे मला अजूनही वेगळं काढता आलेलं नाही.

पिशोर

संगीतानं अर्धा दिवस रजा टाकली. शहर ओलांडून हर्सूलला तुरुंगाची लांबच लांब भिंत संपली, तलाव मागं पडला आणि रस्ता मोकळा झाला. फुलंब्रीला चहा आणि गरम भजी घेतली. पुढं रस्त्यावर खड्डे आहेत, अंधार पडायच्या आत पोचायचं बघा. पिशोरचा बाजार मोठा. तिथून शेताकडं गाडीवाट जाते, माझ्या गाडीचं पोट दोनदा घासलं.

आम्ही उतरलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. चहूकडं मका, आणि माणूस कुठंच नाही. थंडी खाली उतरत होती. तेवढ्यात डावीकडून एक पुरुष ओरडला. मी दचकून वळले, तर उजवीकडून दुसरा. मग लांबून कुत्र्यांचं भुंकणं, एका शेतातून वाघाची डरकाळी, आणि कुठल्याशा कोपऱ्यातून चक्क "कांदे घ्या, बटाटे घ्या".

"त्या वावरवाल्यानं बाजारातला जुना भोंगा आणलाय," संगीता म्हणाली. "डुकरं काय, कांद्यालाबी भितात."

मी हसले, पण ते हसणं मलाच मोठं वाटलं. त्या सगळ्या शिवारात बोलत होते ते भोंगेच. एक थांबला की दुसरा सुरू होई, जणू एकमेकांना उत्तर देताहेत.

गयाबाई, संगीताची आई, बांधावर बसल्या होत्या. बारीक, ताठ, डोक्यावरून पदर. "या ताई. लेकीनं लई कौतुक सांगितलंय तुमच्या पेटीचं." त्यांच्यामागं एका बांबूवर भोंगा बांधलेला होता. त्यातून आवाज आला: "हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ! चल, नीघ! नीऽऽघ!" शेवटच्या ओरडण्यावर आवाज चिरकून तुटला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. गयाबाई आवाज सुरू असताना बोलत नव्हत्या. समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो, तशा थांबत होत्या.

मी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. ही बाटली महिनाभर पुरेल, थंडी जास्त पडली तर त्याआधीच संपेल. संपली की भोंगा गप्प होईल आणि आतलं पुसलं जाईल. दुसरी बाटली पुण्याहूनच येते आणि कंपनी ती देईलच असं मी सांगू शकत नाही.

"सरायच्या आधी मला सांगाल ना?"

"सांगेन."

"मग लावा."

संगीतानं पेटीच्या तारा आधी जोडल्या, मग बॅटरीचे चिमटे काढले. पेटीतला छोटा पंखा सूं करत फिरू लागला. थोड्या वेळानं खालच्या भोकातून पाण्याचा एक थेंब लोंबला आणि मातीत पडला. गयाबाईंनी वाकून बोट लावलं. "कोमट हाय," त्या म्हणाल्या आणि बोट पदराला पुसलं. "घाम येतोय याला."

भोंगा ओरडला. "हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ! चल, नीघ! नीऽऽघ!" या वेळी आवाज चिरकला नाही. आतापर्यंत त्या हलक्या बॅटऱ्या, भरलेल्या असल्या तरी, त्या मोठ्या ओरडण्याला दमून जात असणार आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असणार, हे मला तेव्हा सुचलं. आता वीज स्थिर होती, म्हणून भरलेलं सगळं पुढं वाजलं. एक दमलेला श्वास. चपलांचा आवाज. आणि मग एक बाई, अगदी जवळून:

"चला ना आता. भाकरी गार होती."

पुन्हा हाळी, पुन्हा श्वास, पुन्हा ती बाई.

"कोण हाय ती?" गयाबाईंनी विचारलं.

"आई, तूच की!"

"मी नाय."

"अगं तूच. आप्पा भरत होते तवा मागं येऊन हुबी राह्यली असशील. शेवटाला तूच बोललीस."

"मी अशी बोलते व्हय?" गयाबाई भोंग्याच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा ऐकलं, चौथ्यांदा ऐकलं. प्रत्येक वेळी त्या बाईचं वाक्य आलं की यांचे ओठ किंचित हलत. आपलाच आवाज बाहेरून ऐकल्यावर तो परक्याचा वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण काळोख पडत चाललेल्या मक्यापुढं ते ठाऊक असून काही उपयोग झाला नाही.

"बोलणं माझंच हाय," गयाबाई अखेर म्हणाल्या. "आवाज माझा नाय."

मग त्यांनी जमिनीवरची जुनी बॅटरी उचलून लेकीच्या हातात दिली. "चल. येते मी तुझ्याकडं."

संगीता इतके महिने याच उत्तराची वाट बघत होती. तिनं मात्र घाबरून विचारलं, "असं एकदम?"

"त्याच्याजवळ हाये ना आता कुणीतरी."

घरी पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. भाकरी गार व्हायच्या आत आम्ही तिघींनी ती संपवली. सकाळी गयाबाई एका पिशवीत बसेल एवढं सामान घेऊन गाडीत मागच्या सीटवर बसल्या. शेताकडं पाहिलंही नाही.

शहरात, आणि परत

शेवटचा दिवस मी शहराच्या जुन्या भागात घालवला. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खा, मात्र दुपारी लवकर जा, नंतर खलिया संपतो. इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घातली. सगळीकडं बजाजनगरचंच उत्तर मिळालं. पुण्याला परत येऊन अहवालात तेच लिहिलं: हातातल्या उपकरणांसाठी बॅटरी स्वस्त झाली आहे, रोज सुधारते आहे आणि ती भरायला भिंतीतला प्लग पुरतो. फ्युएल सेल जास्त वेळ चालतो, पण त्याची बाटली भरून मिळायची सोय गावोगावी उभी राहत नाही तोवर त्याला या बाजारात जागा नाही. जिथं महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही, अशा ठिकाणच्या यंत्रांसाठी कदाचित असेल. हे वाक्य लिहिताना डोळ्यांपुढं काय होतं ते अहवालात लिहिता येत नाही.

कंपनीला ते एकच वाक्य आवडलं. त्यांची कुठलीच पेटी बाहेर इतका काळ सलग चालली नव्हती. बाटली संपत आली असेल असा माझा हिशेब झाला, तेव्हा त्यांनी दुसरी पाठवायची तयारी दाखवली, फुकट. मी संगीताला फोन केला.

"आई नाय इथं," ती म्हणाली. "परवाच गेली पिशोरला. बाटली सरताना आपण तिथं असावं म्हणती. सरली की कायमची येते म्हणाली." मग तिनं विचारलं, "पाठवणार का दुसरी? खरं सांगू मॅडम, मला कळंना काय म्हणावं. आईलाच विचारा."

संध्याकाळी गयाबाईंना फोन लावला. त्या शेतातच होत्या. मागं सगळं शिवार ओरडत होतं. मी सांगितलं, शब्द दिला होता म्हणून फोन केला, बाटली आता संपेल, आज नाहीतर उद्या.

"व्हय. पंख्याचा आवाज बारीक झालाय." त्यांचा स्वर मजेत होता. "आमची जाऊ तिन्हीसांजेला या बांधानं यायची बंद झाली, ताई. म्हणती तिथं नवरा-बायको बोलत असतात. मी म्हणलं, अगं मी हितं तुझ्यासमोर हाये की. तरी यायला तयार नाय."

"गयाबाई, कंपनी दुसरी बाटली द्यायला तयार आहे. उद्या पाठवू शकते. आवाज राहील."

पलीकडून आप्पांची हाळी आली. ती संपेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मीही थांबले.

"नका पाठवू," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कारण विचारावं. मग वाटलं, ते कारण मला कशाला हवंय, कुठल्या अहवालासाठी? मी काहीच विचारलं नाही, पण फोनही ठेववेना. त्यांनीही ठेवला नाही. मक्याची पानं सळसळत होती. मग बाईचा आवाज आला, शांत, अगदी फोनजवळून:

"चला ना आता. भाकरी गार होती."

पुढं काहीच आलं नाही. हाळी पुन्हा सुरू झाली नाही. ते भोंगा बोलला की गयाबाई, मला सांगता येत नाही.