खिळे बघायला आलोय

ह्यांना एका हॉटेलच्या गेटवरून परत पाठवलं होतं.
ते मला हे गेल्यावर कळलं.

हे जाऊन आज वर्ष झालं. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते.

माझे यजमान मारुती बेळगावात एका छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी जुळवणारा. त्या अक्षरांना छापखान्यात खिळे म्हणतात.
येळ्ळूरहून सायकलनं जायचे. दिवसभर उभ्यानं काम.

मी दुसरीत शाळा सोडलेली. वाचायला शिकले ती ह्यांनी घरी आणलेल्या प्रूफांवर. जन्मात पहिलं वाक्य वाचलं ते "आमचे येथे श्रीकृपेकरून."
पुढं हाताला लागेल ते वाचत गेले.

मग कॉम्प्युटर आला, छापखाना बंद पडला. खिळे वितळवायला गेले, असं कुणीतरी ह्यांना सांगितलं.
त्या दिवशी हे जेवले नाहीत.

नंतर छापखान्याची ती गल्लीच बदलली. जुन्या भिंती रंगवल्या, नवी फरशी घातली, कॉफीची दुकानं आली. छापखान्याचं बुटीक हॉटेल झालं. मग एक दिवस कुणी म्हणालं, आत एका खोलीत भिंतीवर खिळे लावलेत.

हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संध्याकाळी आले आणि म्हणाले, "रविवार न्हवं का, बंद होतं."

हॉटेल रविवारी बंद असतं का?
आम्ही कधी हॉटेलात राहिलोच नव्हतो. मला खरं वाटलं.

तीन महिन्यांनी हे गेले.

दिवसकार्याला शांताक्का आली. तिचं चहाचं दुकान त्या हॉटेलसमोर. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं.

ह्यांनी वॉचमनला म्हटलं होतं, "आत माझे खिळे हाईत. जरा बघू द्या."
तो म्हणाला, "आजोबा, खिळे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात."
ह्यांना वाटलं, त्याला मराठी नीट कळलं नसेल. मग कन्नडमध्ये सांगितलं, मोळे.
कन्नडमध्येही तोच घोटाळा. मोळे म्हणजे भिंतीत ठोकायचा खिळा, आणि छापायचाही.
तो हसला. मागून गाडी आली, तसं त्यानं ह्यांना दंडाला धरून बाजूला केलं.

"अर्धा तास हुबे हुते वैनी," शांताक्का म्हणाली. "च्या दिला तर घेतला न्हाय."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. आत जायचं. ह्यांना बघू दिलं नाही ते मी बघायचं.

हॉटेलात फोन केला तर तिथले म्हणाले, फक्त गेस्टना आत सोडतो. मग लेकीनं, सुजातानं, कालची ती खोलीच बुक केली.
जाऊबाई म्हणाल्या, "नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या तोंडावर हाटेलात? लई शोभतंय गं तुला."
म्हणू देत.

खोली म्हणजे काय सांगू. पांढरी गादी, पितळेचे दिवे, बाथरूमला काचेची भिंत.
"सुजाता, एवढं सगळं केलं, इथं विटा लावायला काय झालं होतं?"
"आई, डिझाइन असतं ते."

आणि पलंगाच्या मागं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिळे.

वितळवले नव्हते. इथंच होते. हे सायकल लावायचे तिथून वीस पावलांवर.

खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. मला उलटं वाचता येतं, ह्यांनीच शिकवलं. मी दुपारभर त्या भिंतीशी उभी राहून वाचलं. कुठंतरी ह्यांनी जुळवलेला एखादा शब्द राहिला असेल. कुणा नवरीचं नाव. एखादं गाव. एक शब्द मला पुरला असता.

क. मग ळ. स्वल्पविराम. तीन अनुस्वार. मग डोक्यावर उभा केलेला श्र.
मुठीनं उचलून लावलेले.

"आई, बस जरा."
मी बसले नाही. पलंगावर चढून वरच्या ओळी वाचल्या. मग खाली उतरून पहिल्यापासून परत वाचल्या.

मॅनेजर मुलगी चहा घेऊन आली. धारवाडकडची, गोड बोलणारी. म्हणाली, "अम्मा, तुम्हाला वाचता येतं? गेस्ट विचारतात काय लिहिलंय. मी सांगते, जुनी कविता आहे."

"काही लिहिलेलं नाही बाळ."

ती ओशाळली. मी तिला म्हटलं, मला ह्यातला एक दे. कुठलाही. माझ्या माणसाचा हात लागलाय सगळ्यांना.
तिनं नखानं उचकटून बघितलं. चमच्यानं बघितलं. गोंद असा की भिंत निघेल, खिळा निघणार नाही.
"सॉरी अम्मा." तिच्या डोळ्यांत पाणी.

खरं सांगते, मला त्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. वर्षभर मी एवढ्यावर तगले होते, की आत माझ्यासाठी काहीतरी असेल.
काही नव्हतं. नुसती अक्षरं.

आज सकाळी निघताना वॉचमननं मला सलाम केला. मी थांबले. विचारलं, गेल्या साली एक आजोबा आले होते, खिळे बघायचेत म्हणत होते. आठवतं?

"रोज कितीतरी येतात मावशी."

त्याला आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हता तो.
मी त्याला सांगितलं, छापायच्या अक्षरालाही खिळाच म्हणतात. तुमच्यातही मोळेच. पुन्हा कुणी म्हातारा येऊन असं म्हणाला, तर तो वेडा नसतो. त्याला आत सोड.

त्यानं टोपी काढली.
"आयतु अम्मा," म्हणाला. बरं म्हणून.

अहो, मी आत जाऊन आले. खिळे आहेत. वितळवले नाहीत.
आता तिथं गेटवर उभं राहू नका.