चौकशीच्या खिडकीतला विद्यार्थी

धुळ्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणारे प्रेमराज पाटील एक्कावन्नाव्या वर्षी एम.ए.ला बसले, तेही इंग्रजी घेऊन. बी.ए. होताच एसटीत लागले होते, पुढचं शिक्षण राहून गेलं होतं. माहितीपत्रकात 'सर्जनशील लेखन' असा एक पेपर दिसला आणि गोष्ट लिहिण्याची परीक्षा घेतात तरी कशी, एवढं पाहण्यासाठी त्यांनी नाव घातलं.

"नापास झालात तर स्थानकावर सांगाल का?" बायकोनं, दिपमालानं विचारलं.

"आधी पास झालो तर काय सांगू ते ठरवतो," ते म्हणाले.

वर्ग रविवारी भरत. हेमांगी मॅडम त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बाकीची मुलं तर विशी-पंचविशीतली. पहिलाच गृहपाठ होता, दोन अनोळखी माणसांचं संभाषण, एक पान. प्रेमराज यांना ते अगदी सोपं वाटलं. दर मंगळवारी साडेदहाच्या सुमारास एक म्हातारी खिडकीशी येऊन विचारायची, "पिंपळनेर गाडी गयी का?" हे "गयी" म्हणाले की निघून जायची. पुढची गाडी कधी, हे तिनं कधीच विचारलं नव्हतं. तेच त्यांनी इंग्रजीत उतरवलं.

वर्गात वाचल्यावर मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "गाडी गेल्यावरच का येते ती? आणि मंगळवारीच का?"

"ते तिनं सांगितलं नाही, मॅडम."

"तुम्ही विचारलंत?"

तेवीस वर्षं त्या खिडकीत प्रेमराज फक्त उत्तरं देत आले होते.

पुढच्या मंगळवारी सहकाऱ्याला खिडकीत बसवून ते बाहेर आले. म्हातारी बाकावर टेकली होती. नाव बेबाबाई.

"अक्का, तुमले कोठे जानं शे?"

"कोठेच नही, भाऊ. मना पोऱ्या ती गाडी चालाडस."

मुलानं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, घरात भांडण झालं, तेव्हापासून चार वर्षं बोलणं नव्हतं. मंगळवारी त्याची ड्यूटी पिंपळनेर गाडीवर असते, हे तिला गल्लीतल्या एका कंडक्टरकडून कळलं होतं. ती खांबाआड उभी राहून बघायची.

"मंग पाहिल्यावर इचारतस कशाले?"

"पाटी वाचता येस नही. दुरून तोंड दिसस नही. तीच गाडी व्हती का, तेवढं इचारस."

याच्यावर कॉलेजात गोष्ट लिहू का, असं प्रेमराज यांनी विचारलं. ती म्हणाली, "लिख. पन त्यानं नाव टाकू नको."

तीन आठवडे ते गोष्टीत बुडाले. अडले ते एका 'गयी'पाशी. इंग्रजीत 'गॉन' लिहिलं तर माणूस मेल्यासारखं वाटे, 'लेफ्ट' लिहिलं तर कोणाला तरी टाकून गेल्यासारखं. दिपमाला म्हणाली, "तुमचं एका शब्दावर जेवण थंड होतंय." शेवटी त्यांनी 'लेफ्ट' ठेवला.

वर्गातल्या मुलांना गोष्टीच्या शेवटी मायलेकांची भेट हवी होती. प्रेमराज यांनाही मोह झाला. मंगळवारी त्यांनी बेबाबाईलाच विचारलं, "अक्का, भेट लिखू का?"

"भेट व्हयनी नही ना आजून? मंग खोटं लिखू नको."

म्हणून गोष्ट संपली ती गाडी फाटकातून वळते तिथे. शंभरपैकी अडुसष्ट गुण मिळाले. गोष्टीला गुण कसे देतात, हे मात्र त्यांना अजून नीट उमगलेलं नाही.

बेबाबाई आता गाडी सुटण्याआधीच खिडकीशी येते. प्रेमराज तिला फलाट दाखवतात, म्हणजे पाटी वाचायला नको. अजून ती खांबाच्या पुढे गेलेली नाही आणि ते आग्रह करत नाहीत.

एम.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे, दुसरी गोष्ट लिहायची आहे. परवा एक गृहस्थ रिकामा पिंजरा घेऊन सावद्याला जायला कोणती गाडी, म्हणून विचारत आले. सुटायला वीस मिनिटं होती. प्रेमराज यांनी वेळ सांगितली, फलाट सांगितला आणि खुर्ची पुढे ओढून विचारलं, "पिंजरा कोणासाठी, भाऊ?"